धवळ्यात गेलेलं नाव

तुळसाच्या तोंडून गोपीनाथचं नाव गेलं तेव्हा ओटीवर आणखी पाच माणसं होती, आणि पाचही जणांची तोंडं उघडी राहिली. सहावं तोंड तुळसाचं. तेही उघडंच होतं, कारण ती गात होती, आणि मधेच थांबायची सोय नव्हती.

पण हे समजायचं तर आधी तुळसा कोण ते सांगायला हवं.

ठाकुर्लीला जिथे तिच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, तिथे आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या पाचव्या मजल्यावर तुळसा राहते. शेत बिल्डरला दिलं तेव्हा बदल्यात मिळालेलं घर. एवढ्या उंचावर राहूनसुद्धा खाली कुठला बांध होता याचा तिला अजून अंदाज आहे. "हॉल म्हणजे आपला खालचा तुकडा," ती सुनेला सांगते, "आणि तुमची झोपायची खोली म्हणजे म्हशी बांधायचो ती जागा." सुनेला, म्हणजे रसिकाला, हे ऐकायला फारसं आवडत नाही.

शाळा तुळसाने दुसरीत सोडली. अक्षरं ओळखते, पण बसची पाटी वाचून होईपर्यंत बस निघून जाते. धवळे मात्र तिला असे पाठ, की कुठूनही सुरू करा. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून अक्षता पडेपर्यंत बायका गाणी म्हणतात, ते धवळे. आणि पुढे बसून ते सांगते ती धवळारीण. तिच्यामागे दोन-तीन बायका असतात, त्या तिची ओळ धरतात. म्हणजे तिने म्हटलेलं तसंच्या तसं पुन्हा म्हणतात. तुळसाचा नवरा वारला तेव्हापासून हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही, पण कुणाच्या दारात मांडव पडला की पहिला निरोप तिलाच. भटजींच्या शेजारी तिचा पाट. धवळारीण सवाष्ण आहे की नाही हे त्यांच्या गावात कुणी विचारत नाही. गळा चांगला आहे का आणि नावं नीट घेते का, एवढंच बघतात.

नावांचं महत्त्व मोठं. प्रत्येक धवळ्यात नवऱ्याची आणि नवरीची जागा असते, तिथे ज्याचं लग्न त्याचं नाव घालायचं. एकदा दोन नावं जोडून घेतली की तो धवळा शेवटपर्यंत न्यायचा. अर्ध्यावर सोडला तर लग्न अर्ध्यावर सोडल्यासारखं, असं तुळसाच्या सासूने तिला शिकवलं होतं. म्हणून धवळारीण पाटावर बसायच्या आधी दोन्ही नावं विचारून घेते. एका मांडवात दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिल्या होत्या. तिथे भटजी गोंधळले, व्याही गोंधळले, एक नवरासुद्धा चुकीच्या पाटावर जाऊन उभा राहिला. तुळसा चुकली नाही.

आता गोपीनाथ.

तुळसाचं माहेर दिव्याचं. इमारतींनी भरलेलं आताचं दिवा नव्हे. तेव्हा गावाच्या एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागर. तिचा बाप आणि गोपीनाथचा बाप एकाच मिठागरावर कामाला. पोरं दिवसभर बांधावर. तुळसा चिंध्यांची नवरी करायची, काठीचा नवरा करायची आणि धवळे म्हणायची. ओळ धरायला बाकीच्या मुली असायच्या, पण भूक लागली की त्या घरी पळायच्या. गोपीनाथ राहायचा. मुलगा असून बायकांसारखी ओळ धरायचा. बाकीची पोरं त्याला चिडवायची. तो उठून त्यांना खाडीच्या चिखलाचे गोळे मारून यायचा आणि परत बसून ओळ धरायचा. काठीला आणि चिंध्यांना नावं कुठून असणार? म्हणून धवळ्यात त्या दोघांचीच नावं घालायची असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते दोघांनाही आठवत नसे.

पुढे तुळसाला स्थळ आलं ते ठाकुर्लीचं. मुलगा रेल्वेच्या पावरहाऊसात कायम नोकरीला. असं स्थळ कोण सोडतंय? तुळसाला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिने स्वतःलाही विचारलं नाही. मांडवाचे खड्डे गोपीनाथने खणले, केळीचे खांब गोपीनाथने आणले, पंगतीत भात गोपीनाथने वाढला. बोलला काही नाही. त्याला वाटलं असेल ती बोलेल, तिला वाटलं असेल तो बोलेल. असं वाटण्यात माणसाचा जन्म जातो, आणि वर पोरंबाळंही होतात.

नवरा तसा बरा मिळाला. घोरायचा, पण रेल्वेच्या कडेला राहणाऱ्या बाईने त्याला दोष म्हणू नये. गोपीनाथचंही लग्न झालं. बायको चांगली होती, ती मागच्या वर्षी गेली. आणि माहेरच्या गावचा जो कुणी येईल त्याला पोरांनी मामा म्हणायचं, या रीतीने तुळसाचा मुलगा संदेश गोपीनाथला बोलायला लागल्यापासून मामा म्हणत आला. मामा दिवाळीला यायचे, सुकट आणि वालाच्या शेंगा घेऊन. तुळसाने त्याचं नाव लग्नानंतर तोंडाने घेतलं नव्हतं. "पोरांचा मामा आलाय," असं ती म्हणायची. बायका नवऱ्याला "पोरांचा बाप" म्हणतात, त्याच चालीवर. पण हे कुणाच्या कानाला खटकलं नाही. तिच्याही नाही.

ह्या सगळ्यात कृतिका आली. कृतिका म्हणजे संदेशची मुलगी, डोंबिवलीच्या कॉलेजात सिनेमा करायचं शिकते. शेवटच्या वर्षाला तिला एक छोटी फिल्म करून द्यायची होती.

"आजी, एकदम शांत फिल्म आहे," कृतिका म्हणाली. "एक आजी, एक आजोबा. लहानपणी एकमेकांवर प्रेम असतं. मग लग्नं दुसरीकडे होतात. आता इतक्या वर्षांनी भेटतात."

"मग?"

"मग काही नाही. बसतात."

"बोलत नाय?"

"नाही ना. तेच तर आहे. सगळं मनातच राहतं."

"त्याला कॅमेरा कशाला? तुझे आईबाप रोज जेवायला बसतात, ते बघ."

"ऐकू येतंय हां मला," रसिका स्वयंपाकघरातून म्हणाली.

आजी म्हणून तुळसाच बसणार होती. कृतिकाने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आजोबा कोण, हा प्रश्न होता. संदेश मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं, दिव्याचे मामा आहेत ना. त्यांचं जुनं घर पण आहे, ओटीवालं. लोकेशन फुकटात."

"त्याला काय जमतंय," तुळसा म्हणाली. "त्याला ऐकू येत नाय."

हे धडधडीत खोटं होतं. गोपीनाथला शेजारच्या घरात मांजर दुधाला तोंड लावते तेही ऐकू येतं. पण खोटं बोलून झाल्यावर आपण ते का बोललो हे तुळसाला कळलं नाही, आणि कृतिका म्हणाली, "ऐकायचंच नाहीये त्यांना. बसायचंय."

रविवारी सगळे दिव्याला गेले. संदेशने गाडी काढली, रसिकाने डबे भरले, कृतिका आणि कॅमेरा धरणारी तिची मैत्रीण अमृता मागे बसल्या. गोपीनाथ ओटीवर तयार उभा होता. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. मिशीला काळं लावलेलं, आणि ते थोडं वरच्या ओठालाही लागलेलं.

"आयलीस?" तो म्हणाला.

"आयले," तुळसा म्हणाली.

त्या दिवशी त्या दोघांचं झालेलं बोलणं एवढंच. कृतिका खूश. "बघ, किती नॅचरल आहेत," ती अमृताला म्हणाली. ओटीवर बसलेली आजी, ओटीवर बसलेले आजोबा, अंगणाकडे बघणारी आजी, आजीकडे न बघणारे आजोबा, असं दुपारपर्यंत चाललं. तुळसाला मनातून वाटत होतं, याला काम म्हणत असतील तर आपण जन्मभर केलं ते काय होतं.

शेवटी कृतिका म्हणाली, "आता लास्ट शॉट. आजी, तू एक धवळा म्हण. मामाआजोबा, तुम्ही फक्त ऐकायचं. ह्या अक्षता हातात धरा. शेवटी त्या हातातच राहतात, कुणावर टाकायला कुणी नसतं. तिथे फिल्म संपते."

"नावं कुणाची घालू?" तुळसाने विचारलं.

"कुणाची पण घाल गं. कोणतीही दोन."

धवळारणीला असं कुणी सांगत नसतं. कृतिका इंग्रजी शाळेत शिकलेली पोर, तिला काय ठाऊक. इतक्या मांडवांत तुळसा बसली, पण नावं विचारून घेतल्याशिवाय तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. समोर नवरा-नवरी नसताना, मांडव नसताना, तिने धवळे म्हटले होते ते आयुष्यात एकाच वयात. ते तिच्या ध्यानात आलं नाही. गळ्याच्या ध्यानात होतं.

*खाडीच्या काठी मांडव पडला गो,*
*मांडवी बसली तुलसा नवरी गो.*

स्वतःचं नाव ऐकून तुळसा दचकली. आपलंच नाव गेलं, जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं. पुढची ओळ नवऱ्याची. तिथे दुसरं काहीतरी घालू. रतन घालू, पोपट घालू, गावात नावांना काय तोटा आहे. असं म्हणेपर्यंत ती ओळ आली आणि गळा तिला न विचारता पुढे गेला.

*पालखी उतरली कोनाची दारात गो,*
*गोपीनाथ नवरा आला दारात गो.*

नावं जोडली गेली. आता सोडता येणार नव्हतं.

लहान धवळा घेतला असता तर चार ओळींत सुटली असती. पण कॅमेऱ्यासाठी म्हणून तिने मोठा घेतला होता. हळद लागते, नाहाणं होतं, अंतरपाट धरतात, मामा नवरीला उचलून आणतो, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावं. दर वेळी तुळसाला वाटायचं, आता तरी दुसरं नाव घालावं, पण लग्न चालू असताना नवरा बदलतो कुठे? ती म्हणत राहिली. संदेशला पहिल्यांदा वाटलं, हे फिल्मसाठीच असेल. मग त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं. रसिकाच्या हातून डब्याचं झाकण पडलं, ते गोल फिरत फिरत थांबेपर्यंत तिने उचललं नाही. अमृता एकदा कृतिकाकडे, एकदा कॅमेऱ्यात बघत होती. कृतिकाने बंद कर असं सांगितलं नाही. गोपीनाथकडे बघायची तुळसाची छाती झाली नाही.

धवळा संपला. अक्षता टाका, असं शेवटच्या ओळीत येतं. कुणी हललं नाही. मग गोपीनाथ उठला, अक्षतांची मूठ तशीच बंद ठेवून घरात गेला, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तो बाहेर आला नाही. संदेशने दोनदा हाक मारली, "मामा, निघतो आम्ही." आतून काही आलं नाही.

 डोंबिवली जवळ आल्यावर रसिका म्हणाली, "वडापाव घ्यायचे का कुणाला?" कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. संदेशने गाडी थांबवून सगळ्यांना घेतले. खाल्ला फक्त अमृताने. तीही बिचारी भुकेलेली होती, आणि हे घर काही तिचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संदेश कामावर गेला नाही. आईसमोर येऊन बसला. अर्धा कप चहा प्याला.

"आई, ते चुकून गेलं ना?"

तुळसा लसूण सोलत होती. "मला तरी काय माहीत होतं ते नाव येईल म्हणून."

"म्हणजे चुकून."

तुळसाने लसणाची पुढची पाकळी घेतली. संदेश तिच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या मनात काहीतरी जुळायला लागलं. 

"आई, तू मामांना कधी ओवाळलंस का गं?"

तुळसाचा हात थांबला.

"भाऊबीजेला ते दरवर्षी येतात," संदेश म्हणाला. "मी लहान होतो तेव्हापासून येतात. तू दिलीप मामाला ओवाळायचीस, चंदर मामाला ओवाळायचीस. ह्यांना कधी ओवाळलेलं मला आठवत नाही. एकदा म्हणालीस तेल संपलं. एकदा म्हणालीस ते उशिरा आले, दिवा शांत झाला. एकदा तू बाथरूममध्ये जाऊन बसलीस."

"पोट बिघडलं होतं तेव्हा."

"दरवर्षी?"

रसिका दारात उभी होती. ती म्हणाली, "मला वाटायचं, आईंना त्यांचा राग आहे. म्हणून मी त्यांना चहासुद्धा बेताचा द्यायची." आणि तिने पदर नसताना पदर शोधल्यासारखा हात केला.

तुळसालाच धक्का बसला होता सगळ्यात जास्त. तेल खरंच संपलेलं होतं, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

संदेश वाईट मुलगा नाही. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस मोठ्याने बोलतो. "पुढच्या आठवड्यात गावातल्या गुरुदत्तच्या मुलीचं लग्न आहे, तुला धवळ्यांना बोलावलंय. हे गावात कळलं तर काय म्हणतील? दुसऱ्यांची लग्नं लावणारी स्वतःचंच लावून आली म्हणतील. आणि मामा? ते बिचारे कडी लावून बसले. ह्या वयात आपल्यामुळे त्यांना तोंड लपवायला लागतंय. तू त्यांना फोन कर आणि सांग, तोंडातून चुकून गेलं. एवढंच सांग. म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल."

"सांगते," तुळसा म्हणाली.

तिने मनापासून म्हटलं होतं. तिला ती कडी ऐकू येत होती. आपण त्याची अब्रू काढली, पोरासुनेसमोर. बायको जाऊन वर्ष होतंय त्याची. आता चुकून गेलं असं सांगितलं तर तो दिवाळीला सुकट घेऊन येईल, खुर्चीवर बसेल, रसिकाचा बेताचा चहा पिऊन जाईल. नाही सांगितलं तर कदाचित कधीच येणार नाही. एवढी वर्षं दिवाळीच्या त्या दिवसाची आपण वाट बघत होतो, हे तुळसाला आता, तो दिवस जायच्या बेतात आल्यावर कळत होतं. मग सांगून टाकावं. तरीही दोन दिवस गेले आणि तिने फोन हातात घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कृतिका लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ बसली.

"तुला ठाऊक होतं का गं?" तुळसाने तिला विचारलं. "आमचं?"

"शपथ नाही, आजी. मी तर अमृताच्या आजीची स्टोरी घेतली होती."

तुळसाने हात कपाळाला लावला. "तिची पण?"

"बाबा म्हणतात डिलीट कर. मी तुला विचारल्याशिवाय करणार नाही. पण आधी हे बघ. तू तेव्हा मामाआजोबांकडे बघतच नव्हतीस."

पडद्यावर तुळसा गात होती. आपण एवढ्या म्हाताऱ्या दिसतो हा एक धक्का तिने गिळला. मग तिने शेजारी बघितलं. गोपीनाथचं तोंड उघडं होतं. सगळ्यांचं होतं तसंच. पण ते उघडत होतं आणि मिटत होतं.

"हे काय करतोय?" तुळसा म्हणाली.

कृतिकाने आवाज मोठा केला. तुळसाचा गळा मोठा, त्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पण तुळसाची ओळ संपली, ती श्वास घ्यायला थांबली, आणि तेवढ्या फटीतून अगदी बारीक, घोगरं काहीतरी आलं.

*...नवरा आला दारात गो.*

तो ओळ धरत होता. पहिल्यापासून. हळदीला, नाहाणाला, अंतरपाटाला, दोन्ही नावांसकट. एकही शब्द सोडला नव्हता. ओटीवर पाच फुटांवर बसून तुळसाला ते ऐकू गेलं नव्हतं, आणि ऐकू कमी येतं असं तिने त्याच्याबद्दल सांगितलं होतं.

तुळसा उठून चपला शोधायला लागली. मग तिने विचारलं, "दिव्याला रिक्षावाला किती घेतो?"

"मी येऊ?"

"तू नको. तू कॅमेरा आणशील."

गोपीनाथ ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. मिशीचं काळं धुतलेलं, खालून पांढरी निघालेली. तुळसाला रिक्षातून उतरताना बघून तो उठायला गेला आणि अर्धवटच उभा राहिला.

"काय झायलं गो? संदेश बरा हाय ना?"

"सगले बरे हायेत. बस."

तो बसला. ती पायरीवर बसली. त्याने शेंगांचं सूप मधे सरकवलं, म्हणून तीही सोलायला लागली. हाताला काम असलं की बरं.

"संदेशचा फोन आयला होता," गोपीनाथ म्हणाला.

तुळसाला हे ठाऊक नव्हतं. "कवा?"

"परवा. बोल्ला, मामा, आईचं वय झालंय, तोंडातून काय पण जातं. तुमी मनाला लावून घेऊ नका. मी बोल्लो, नाय लावत."

तुळसाच्या हातातली शेंग हातातच राहिली. जे सांगायचं की नाही यासाठी तिने दोन रात्री घालवल्या होत्या, ते तिच्या पोराने तिच्या वतीने सांगूनसुद्धा टाकलं होतं. आणि ह्याने ऐकून घेतलं होतं. म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालेलं होतं. तिने आता काही केलं नाही, नुसत्या शेंगा सोलून घरी गेली, तर ते तसंच राहणार होतं.

"त्या दिवशी कडी कशाला लावलीस?" तिने विचारलं.

गोपीनाथने उत्तर द्यायला दोन शेंगा घेतल्या. "मना रडायला आयलं. पोरांसमोर कसा रडू? यो मोठा कॅमेरा तिथं."

अंगणातून एक कोंबडी चालत गेली. दोघांनी तिच्याकडे बघितलं, कारण एकमेकांकडे बघणं अवघड होतं.

"तुलसे," तो शेंगेकडे बघत म्हणाला, "संदेश बोल्ला तसंच ना? चुकून गेलं?"

तो नुसतं विचारत नव्हता. तिला सुटायला वाट करून देत होता. केळीचे खांब आणले तेव्हाही त्याने असंच केलं असेल. तुळसाला त्याचा एकदम राग आला, आणि तो राग इतका जुना होता की तिचं तिलाच भय वाटलं.

"माजं धवल्यात कवा चुकलंय?" ती म्हणाली.

गोपीनाथने खरंच आठवून बघितलं. ठाकुर्लीची, दिव्याची, चोळेगावची लग्नं, जिथे जिथे तो पंगतीत बसला होता आणि ती मांडवात.

"नाय चुकलं," तो म्हणाला.

"मग."

त्याच्या हाताचा धक्का लागून सूप कलंडलं. सोललेले वाल ओटीभर झाले. त्याने ते उचलले नाहीत. तो तिच्याकडे असा बघत होता, जसं कुणीतरी झोपेतून उठवून घर बदललं म्हणून सांगितलंय.

"मग आता काय?" त्याने विचारलं.

"ते मना ठावं नाय. मी अक्षता पडेपर्यंतचंच शिकलेय. त्याच्यापुढे धवलारीण नारळ घेऊन घरी जाते."

गोपीनाथ हसला नाही. तिने मस्करी केली आहे हे त्याच्या डोक्यापर्यंत पोचायला अजून वेळ होता.

"संदेशला फोन लाव," तुळसा म्हणाली. "चूक झाली ते त्याने सांगितलं. नाय झाली ते मी सांगते."

गोपीनाथच्या बोटांना तो नंबर लवकर सापडेना. मग लागला. पलीकडून संदेशचा आवाज आला, "बोला मामा."

"आई बोलतेय," तुळसा म्हणाली. "दिव्याला आलेय. तू फोन केलास ते कळलं. ते चुकून गेलेलं नव्हतं. ते मी ह्याला सांगितलं, आता तुला सांगतेय. आणि गुरुदत्तकडे मी धवळे म्हणायला जाणार आहे. त्यांना नको असेल तर त्यांनी येऊन मला सांगावं, तू मधे पडू नको."

पलीकडे ऑफिसात कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं ते ऐकू आलं. संदेशचा श्वास ऐकू आला. तुळसाला वाटलं, फोन ठेवेल. किंवा ओरडेल. ओरडला तर काय बोलायचं ते तिने रिक्षातच ठरवून ठेवलं होतं, आणि आता त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

"आई," संदेश म्हणाला.  मग घसा खाकरला त्याने. "जेवून येणार आहेस का?"

तुळसाने गोपीनाथकडे बघितलं. तो फोनला कान लावायला पुढे वाकला होता, पण तिने फोन कानाशी घट्ट दाबून धरला होता.

"हो," ती म्हणाली.

"बरं," संदेश म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, पण शब्द रोजचे होते. "मग रसिकाला सांगतो, तुझी भाकरी टाकू नको म्हणून."

फोन बंद झाला. तुळसा तो हातात धरून बसली.

"काय बोल्ला?" गोपीनाथने विचारलं.

"माजी भाकरी टाकत नाय बोल्ला."

गोपीनाथने ओटीवर पसरलेल्या वालांकडे बघितलं. एका माणसाच्या आमटीपुरते होते. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आणखी शेंगा आणायला घरात गेला.